भाच्याच्या विमानाचं पुढचं चाक मोडलं. नेमकं चुकलं कुठे?

धारगळचा_गॅरेजवाला

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे क्लच प्लेट, कार्ब्युरेटर असल्या विषयांवर लिहितो. आज विमानाचं विचारतोय. हसलात तरी चालेल, पण उत्तर द्या.

धारगळला माझं दुचाकीचं गॅरेज आहे. २०२३ च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाला तेव्हापासून तिथे ड्युटीला जाणारी पोरं पंक्चर काढायला माझ्याकडे थांबतात. विमानांशी माझा संबंध तेवढाच. पण थोरल्या ताईचा मुलगा महाराष्ट्रातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये पायलटचं शिकतोय. स्कूलचं नाव काढत नाही, उगाच वाद नको. गेल्या आठवड्यात तो एकटाच विमान उडवत होता. त्याला सोलो म्हणतात, हे मला आता कळलं. विमान सेसना १७२. उतरताना ते उसळलं, परत आपटलं, परत उसळलं आणि तिसऱ्या खेपेला पुढचं चाक मोडून नाकावर बसलं. पोराच्या खांद्यावर पट्ट्याचा वळ उठलाय, बाकी काही नाही. देवाची कृपा.

त्याने पाठवलेला फोटो मी मोठा करून करून बघितला. पंख्याची दोन्ही पाती वाकलेली. पुढच्या चाकाचा दांडा मागे मुडपलेला. इंजिनाच्या मागे जो पत्रा असतो त्याला सुरकुत्या. पावसाळ्यात खड्ड्यात पुढचा ब्रेक दाबून गेलेली स्कूटर माझ्याकडे येते, तिचा फोर्क हुबेहूब असाच दिसतो. गिऱ्हाईक म्हणतं, खड्डा होता हो. मी म्हणतो, खड्डा होता हे खरं, पण ब्रेक कोणी दाबला?

आता घरात काय चाललंय ते ऐका. भावोजी म्हणतात विमानच खटारा होतं, स्कूलवाले पोराच्या माथी मारतायत. माझी आई म्हणते दृष्ट लागली. तिने देवापुढे नारळ ठेवलाय. ताई काहीच म्हणत नाही, रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात दिवा दिसतो. शिक्षणासाठी घर गहाण आहे, हे सांगायला नकोच. आणि पोर घरी येऊन चार दिवस झाले, खोलीच्या बाहेर पडत नाही. मी एकदा खोदून विचारलं तर एवढंच बोलला, "मामा, मीच दाबलं." काय दाबलं, कुठे दाबलं, पुढे एक शब्द नाही.

माझा प्रश्न साधा आहे. चाक कमजोर होतं म्हणून मोडलं की मोडण्यासारखं काही केलं म्हणून मोडलं? आणि त्याचं पायलट होणं आता संपलं का? इथे नेव्हीतली, विमानतळावरची माणसं आहेत हे मला माहीत आहे, म्हणून विचारतोय.

जुना_फिटर_वास्को

गॅरेजवाले, तुम्ही अर्धं उत्तर स्वतःच दिलंत. "मीच दाबलं" यात सगळं आलं.

नेव्हीत विमानांच्या दुरुस्तीला होतो. बरीचशी नोकरी दाबोळीला, त्यातली कित्येक वर्षं किरण विमानांच्या चाकाब्रेकांत गेली. उडवली नाहीत, पण उडवणाऱ्यांनी काय काय मोडून आणलं ते हाताने जोडलंय. तुम्ही फोर्क ओळखता, म्हणून तुमच्या भाषेत सांगतो.

सेसना १७२ ला मागे दोन चाकं असतात. ती पोलादी दांड्यांवर बसवलेली. दांडा म्हणजे नुसती स्प्रिंग, आत शॉकॲब्सॉर्बर नाही. दाबली की दबते आणि घेतलेलं सगळं परत देते. पुढचं चाक मात्र हवा-तेलाच्या नळीवर, ऑलिओवर. आणि ती नळी बसवलेली असते कुठे? तुम्हाला सुरकुत्या दिसल्या त्याच पत्र्यावर. त्याला फायरवॉल म्हणतात. म्हणजे उतरताना मार खायचा तो मागच्या दोघांनी. पुढचं चाक नाक तोलायला आणि जमिनीवर वळायला. सायकलच्या बास्केटवर माणूस बसवत नाहीत, तसं ते.

आता झालं काय असणार ते सांगतो. लहानपणी नदीत चपटा दगड मारून भाकऱ्या काढल्यात ना? दगड पाण्याला लागतो, उडतो, परत लागतो. का? अंगात वेग जास्त आणि कोन उथळ. विमान वेगात असताना जमिनीला टेकवायला गेलात तर तेच. पंखात उडण्याची ताकद शिल्लक असते. चाकाने धक्का दिला की ते परत हवेत जातं. पहिला टप्पा असा पडतो. शिकताना सगळ्यांचा पडतो, पायलट झाल्यावरही पडतो. त्यात अपघात काहीच नाही.

अपघात पुढच्या दोन सेकंदांत असतो. विमान उसळलं, समोर नुसतं आकाश दिसायला लागलं, पोटात गोळा आला. हात आपोआप काय करतो? स्टिअरिंग पुढे दाबतो, त्याला योक म्हणतात. नाक खाली, विमान खाली, असा हिशोब. पण विमान त्या क्षणाला खाली यायला लागलेलंच असतं. त्यात तुम्ही दाबलंत. मग मागच्या चाकांच्या आधी पुढचं चाक जमिनीवर. ते नाकाला वर फेकतं, पंखाचा कोन वाढतो, विमान आधीपेक्षा उंच उडी घेतं. माणूस आणखी घाबरतो, आणखी दाबतो. विमान वर जाताना दाब, खाली येताना खेच, आणि दर वेळी हात अर्धा सेकंद उशिरा. सिकेरीला बोटीतून पर्यटकांना डॉल्फिन दाखवतात ना, तशी चाल. पॉर्पॉइझ म्हणजे डॉल्फिनचाच भाऊबंद, म्हणून तिला पॉर्पॉइझिंग म्हणतात. तिसऱ्या उडीपर्यंत ऑलिओ बहुधा हात टेकतो. तुमच्या पोराचा तिसऱ्यालाच टेकला, म्हणजे सगळं पुस्तकातल्यासारखं.

बोगमाळोला नेव्हीचं विमान संग्रहालय आहे, पोराला घेऊन एकदा या. तिथे एचटी-२ उभं आहे. १९५१ साली पहिल्यांदा उडालेलं आपल्या देशातलं शिकाऊ विमान. त्याचं तिसरं चाक शेपटीला आहे. अशा विमानाचा भार मुख्य चाकांच्या मागे असतो, म्हणून जोरात टेकलं की शेपूट खाली, नाक वर आणि विमान हवेत. तिसरं चाक नाकाखाली आलं तेव्हा हा त्रास कमी झाला. पण त्याची एक अट आहे, ते चाक आधी टेकवायचं नाही. अट मोडली की उडी परत हजर.

भावोजींचं म्हणणं मी उडवून लावत नाही. आधी कोणीतरी जोरात आपटलेलं विमान न सांगता उभं करून जातो, हे मी पाहिलंय. तळाचं नाव सोडा. एकदा पहाटे टॉर्च घेऊन बघताना रिव्हेटांच्या ओळीत दोन रिव्हेटांभोवती काळपट शेपट्या दिसल्या. रिव्हेट सैल झाला की पत्रा त्याच्यावर घासतो आणि ती काळी पूड वाऱ्याने मागे ओघळते. त्याशिवाय आदल्या दिवशीच्या आपटण्याचा कुठे कागद नव्हता. तेव्हा या विमानाची आधीची हार्ड लँडिंग नोंदवली होती का, नंतर तपासणी झाली होती का, हा प्रश्न रास्त आहे. तपास करणारे तो विचारतीलच. पण तीन टप्पे घेतल्यावर धडधाकट नळीही मोडते, हे विसरू नका.

पोराकडून एवढं काढा. पंख्याची पाती कुठल्या बाजूला वाकलीत, इंजिनाकडे मागे की पुढे? रनवेच्या तोंडाशी वेग किती होता? वारा कुठून, किती? फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा, किती खाली होत्या? आणि पहिल्या उडीनंतर थ्रॉटलला हात लावला होता का?

फोंड्याची_वैमानिक

दादा, आधी ताईंना सांगा की पोराचं पायलट होणं यामुळे संपत नाही. साधारणपणे असं होतं की त्याचं लेखी निवेदन घेतात, चौकशी होते, काही दिवस त्याला उडू देत नाहीत. मग इन्स्ट्रक्टर शेजारी बसून परत लँडिंग करून घेतो आणि समाधान झालं की पुन्हा सोलो. माझ्या बॅचमधला एक असाच नाकावर बसला होता. आज तो मोठी विमानं उडवतो आणि त्याची लँडिंग आमच्या सगळ्यांपेक्षा मऊ असतात.

आणखी एक. छोट्या विमानांचे अपघात सगळ्यात जास्त उतरतानाच होतात, पण त्यात जीव जाण्याचं प्रमाण कमी. जीवाला जास्त धोका असतो तो त्याच्या आधीच्या वळणावर. शेवटचं वळण घेताना रनवेची रेघ ओलांडली जाते, माणूस रडरने, म्हणजे शेपटीच्या सुकाणूने, नाक ओढून आत घ्यायला बघतो, वेग आधीच कमी, आणि एक पंख स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचलून धरण्याची ताकदच जाते. तिथून सावरायला उंचीच नसते. तुमचा भाचा ते वळण नीट घेऊन आला. हेही त्याला ऐकू द्या.

फिटरकाका, तुमच्या यादीत एक माझाही प्रश्न घाला. नजर कुठे होती? फ्लेअर करताना, म्हणजे जमिनीच्या जवळ नाक हलकेच उचलताना, शिकाऊ माणूस चाकांसमोरच्या डांबराकडे बघतो. बघायचं असतं रनवेच्या पार दुसऱ्या टोकाकडे. जवळ बघितलं की जमीन अंगावर येतेय असं वाटतं आणि हात झटक्यात ओढला जातो. मग विमान फुग्यासारखं वर येतं, वेग संपतो, आणि तिथून दगडासारखं पडतं.

रुंदीनेही फसायला होतं. मी शिकले तो रनवे अरुंद होता. पहिल्यांदा ४५ मीटर रुंदीच्या रनवेवर उतरले तेव्हा आपण फार खाली आलो असं वाटून मी नको तितक्या उंचीवर फ्लेअर केलं. इन्स्ट्रक्टर शांतपणे म्हणाले, "अजून दुसरा मजला आहे बाई, तळमजल्यावर उतरायचंय."

मांडवीकाठ

हे सगळं ठीक आहे, पण शेवटी पायलटवरच ढकलतात ना? आपल्याच गोव्यात बघा. २०१६ च्या डिसेंबरात २७ तारखेला पहाटे दाबोळीला प्रवासी विमान रनवेवरून घसरून गरकन फिरलं. २०१८ च्या जानेवारीत मिग रनवेबाहेर जाऊन पेटला. २०१९ ला वेर्ण्याजवळ दुसरा मिग पडला. प्रत्येक वेळी चर्चा तीच, पायलटने काय केलं. मशीनला कोणी विचारत नाही. भावोजी बरोबर बोलतायत. वकील गाठा.

जुना_फिटर_वास्को

मांडवीकाठ, आंबा आणि फणस एका टोपलीत घालू नका. तुमच्या तिन्ही उदाहरणांत उतरण्याचा संबंध नाही. २०१६ चं विमान उड्डाण घेत होतं. दोन्ही इंजिनांचा जोर सारखा व्हायच्या आत पूर्ण पॉवर दिली गेली, एका बाजूने जास्त ढकललं आणि ते कडेला गेलं. मिग तर लढाऊ विमानं, त्यांच्या चौकशीची वाटच वेगळी. सेसनाच्या पुढच्या चाकाला त्यातून काय कळणार?

आणि तपासाबद्दल. नागरी विमानांसाठी २०१२ पासून विमान अपघात अन्वेषण ब्युरो आहे. त्यांचा अहवाल पुन्हा असं होऊ नये म्हणून असतो, दोष कोणाच्या माथी मारायला नाही. ही गोष्ट आंतरराष्ट्रीय नियमांतच लिहिलेली आहे. त्यांचे जुने अहवाल लोकांना वाचायला खुले असतात, शिकाऊ विमानांचे चार वाचून बघा. तोपर्यंत वकिलाची फी गॅरेजवाल्यांनी कशाला भरायची?

धारगळचा_गॅरेजवाला

मंडळी, तीन दिवसांनी येतोय. पोर बोललं. घरात नाही, केरीला.

रविवारी दुपारी त्याला स्कूटरवर मागे बसवलं आणि केरीच्या धक्क्यावर नेलं. तेरेखोलची फेरीबोट बघत बसलो. कारण काही नाही, घरात चौघांच्या डोळ्यांसमोर तो बोलणार नव्हता. ओहोटी होती, पाणी जोरात समुद्राकडे चाललेलं. फेरी धक्क्याच्या रेषेत न येता नाक पाण्याच्या उलट दिशेला तिरकं धरून येत होती आणि अगदी शेवटी सरळ झाली. तो एकदम म्हणाला, "मामा, हे क्रॅब आहे. वारा बाजूने असला की आम्ही असंच येतो." मी म्हटलं, बरं मग, त्या दिवशी वारा कुठून होता? तिथून सुरू झालं.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं, त्याने सांगितली तशी.

रनवे २७, म्हणजे नाक पश्चिमेला. वारा २२० अंशांवरून १२ नॉट, म्हणजे डाव्या अंगाने. फ्लॅप पूर्ण. तोंडाशी वेग ७८ नॉट, हवा होता ६५. पाती मागे वाकलीत, काचेच्या बाजूला. थ्रॉटलला हात लावला नाही. हात त्यावरच होता म्हणतो, पण ढकलला नाही. नजरेचं विचारलं तर हसला, चार दिवसांत पहिल्यांदा. म्हणाला, "समोरच्या पांढऱ्या आकड्यावर. त्या बाईंना कसं कळलं?"

वेग का वाढला तर तो उंचावर राहिला होता. त्याच्या पुढे एक विमान होतं, त्यामुळे वळण लांबवलं, मग अंदाज चुकला. उंची जास्त राहिली म्हणून नाक खाली करून रनवेकडे सूर मारला. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकल्यासारखं झालं, वेग वाढतच गेला. खाली आल्यावर विमान टेकेचना, तरंगत राहिलं. त्याने ओढलं, ते वर आलं, मग पडलं. पहिला टप्पा. मग दाबलं. पुढचं तुम्ही आधीच लिहिलंय, त्याला वाचून दाखवलं. म्हणाला, काका तिथे होते काय?

फिटरकाका, या आकड्यांचा अर्थ सांगा. आणि मला एक कळत नाही. उंचावर आहे, वेग जास्त आहे हे त्याला दिसत होतं. मग पुन्हा चक्कर मारून का नाही आला? हे विचारलं की तो परत गप्प.

जुना_फिटर_वास्को

शाब्बास. पोराने आकडे लपवले नाहीत. निम्मं काम तिथेच झालं.

वाऱ्याला आधी बाजूला करू, कारण सगळ्यात सोपी सबब तीच असते. १२ नॉट वारा, रनवेपासून ५० अंश तिरका, म्हणजे बाजूने लागणारा साधारण ९ नॉट. या विमानाने कारखान्याच्या चाचणीत १५ नॉटपर्यंत बाजूचा वारा घेऊन दाखवलाय. शिकाऊ पोराला ९ सोपा नाही, लक्ष खातो, पण चाक त्याने मोडलं नाही.

आता ७८ आणि ६५. नॉटचे किलोमीटर करा, ताशी १४४ आणि १२०. वेग २० टक्के जास्त. पण अंगातला जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, तो झाला ४४ टक्के जास्त. एवढा जोर कुठेतरी खर्च व्हायला हवा ना? जमिनीपासून पंखाच्या लांबीइतक्या उंचीत, म्हणजे इथे ११ मीटरच्या आत, हवेचा विरोध कमी होतो आणि विमान गादीवरून घसरल्यासारखं तरंगतं. जोर सावकाश संपतो. तो संपेपर्यंत थांबायचं असतं. आपला माणूस थांबला नाही.

त्यात तो एकटा. रोज शेजारी ऐंशीएक किलोचा इन्स्ट्रक्टर बसतो, त्या दिवशी ती खुर्ची रिकामी. तुमच्या स्कूटरवरून बायको-पोरं उतरली की तीच स्कूटर कशी पळते? हलकं विमान लवकर चढतं, उंच राहतं आणि जास्त तरंगतं. वेग खरं तर रोजच्यापेक्षा थोडा कमीच लागतो. तिथे हा १३ नॉट जास्तीचे घेऊन आला.

पाती मागे वाकलीत म्हणजे जमिनीला लागली तेव्हा इंजिनात जोर नव्हता. जोरात फिरणाऱ्या पंख्याची टोकं बहुतेकदा पुढे वळतात. एकट्या त्याच्यावरून कोणी निकाल देत नाही, पण पोराचं बोलणं त्याच्याशी जुळतं. छोटा टप्पा असता तर नाक होतं तसं धरून थोडासा थ्रॉटल दिला की विमान मऊ बसतं. मोठा असेल तर पूर्ण थ्रॉटल, उतरायचा विचार सोडून परत वर. दोन्हीत हात पुढे जातो तो थ्रॉटलचा. त्याचा पुढे गेला तो योकचा. नेमकी चूक विचारलीत ना? ती एवढी. दोन हातांतला चुकीचा हात पुढे गेला.

आणि इंजिन आता उघडावं लागेल, पंखा जमिनीला लागला की क्रँकशाफ्ट तपासल्याशिवाय सोडत नाहीत. खर्चाचं स्कूल आणि विमा कंपनी बघतील. त्या कागदावर पोराने किंवा भावोजींनी वाचल्याशिवाय सही करू नये.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, ते पोराकडेच आहे. पण ज्या दिवशी माणूस गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर जाऊन चक्कर, करत नाही त्या दिवशी त्याला ते येत नसतं असं नाही. कशाला तरी भ्यालेला असतो. कशाला ते काढा. परत केरीला न्या.

फोंड्याची_वैमानिक

काकांना अनुमोदन. आमच्याकडे ठरावीक उंचीवर वेग, रेघ, उतरण्याचा दर यातलं एकही जागेवर नसेल तर चर्चा नाही, परत वर. कोणी विचारत नाही का गेलात म्हणून. मी स्वतः गेल्या पावसाळ्यात मोपाला गेले. सड्याच्या कडेवरून वारा वर-खाली होत होता, वेगाचा काटा नाचत होता. मागच्या सीटवरचे काका उतरताना म्हणाले, "ड्रायव्हरने एक राउंड फुकट मारला." मी म्हटलं, या पुन्हा.

धारगळचा_गॅरेजवाला

परत केरीला न्यावं लागलं नाही. काल रात्री गॅरेज बंद करताना तो आला. मी एका स्कूटरचा फोर्क सोडवत होतो. त्याने न सांगता दुसरा पाना उचलला आणि समोर बसला.

आदल्या दिवशी त्याने दोनदा गो-अराउंड केलं होतं. दोन्ही वेळा बरोबरच केलं होतं, इन्स्ट्रक्टरने तसं म्हटलंही. पण संध्याकाळी मेसमध्ये पोरांनी त्याचं नाव ठेवलं, "अराउंडकर". गोव्याचा ना, आमची सगळी आडनावं कर-वाली. "अराउंडकर, डाळ घेणार की परत चक्कर मारून येणार?" रात्रभर तेच. दुसऱ्या दिवशी तो उंचावर होता तेव्हा रनवेच्या बाजूला पुढच्या सोलोची वाट बघत तिघं उभे होते. त्याला ते दिसत होते. म्हणाला, "मामा, वेगाचा काटा पण दिसत होता. दोन्ही दिसत होते."

मी काही बोललो नाही. मी पण त्याला लहानपणी सायकल शिकवताना पडला की हसायचो.

भावोजींना सकाळी सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, आधीच्या हार्ड लँडिंगच्या नोंदी तरी मी विचारणारच. म्हटलं विचारा, फिटरकाकांनी तो प्रश्न रास्त म्हटलाय. वकिलाचा विषय मिटला.

आता शेवटचं एक विचारतो. निवेदनात त्याने लिहिलंय, "वेग जास्त होता, बाउन्स झाल्यावर मी योक पुढे दाबला, थ्रॉटल दिला नाही." अराउंडकरचं लिहायचं की नाही? त्याला वाटतं चुगली होईल.

जुना_फिटर_वास्को

लिहायचं. नावं लिहायची नाहीत, गोष्ट लिहायची. "आदल्या दिवशीच्या गो-अराउंडवरून चेष्टा झाली होती, म्हणून त्या दिवशी टाळला." बस, एवढं एक वाक्य. नाहीतर कागदावर फक्त वाकलेला दांडा राहील आणि मेसमध्ये पुढच्या पोराला दुसरं नाव ठेवतील. त्या तिघांतलाच एखादा परवा उंचावर असेल.

संग्रहालयात याल तेव्हा आधी कळवा. सोमवारी बंद असतं.

धारगळचा_गॅरेजवाला

लिहिलं. त्याच्याच अक्षरात, वरच्यात एक शब्द बदलून. "चेष्टा"च्या जागी त्याने "मस्करी" घातलं.

पुढच्या आठवड्यात बोलावलंय, इन्स्ट्रक्टरबरोबर उडायचं आहे. बोगमाळोला शनिवारी येतो काका, तो, मी आणि ताई पण येते म्हणाली. सगळ्यांना देव बरें करूं.

आईचा नारळ अजून देवापुढेच आहे. मी म्हटलं, पोर सुखरूप आलं, फोड आता. ती म्हणते, एकटा उतरला की फोडीन.